पाच मंगळसूत्रं डब्यात आणि एक गळ्यात

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं निदान बद्रीकेदारला तरी जाऊन यावं. मी पुण्याहून लोणावळ्याला गेले, तिथून मावळातल्या टाकव्याला, आणि तिसऱ्या दिवशी घरी. एवढ्याशा प्रवासासाठी आमच्या घरमालकीणबाई पिशवीसुद्धा बदलत नाहीत. तरी लिहिते आहे, कारण आमच्या महिला मंडळातल्या ज्या बायका आल्या नव्हत्या त्या या सहलीविषयी आधीच पुष्कळ सांगू लागल्यात, आणि सगळं उलट्या क्रमानं सांगतात.

मी नलिनी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे नवरे दुसऱ्यांच्या बायकांना जोडून देते. स्वतः लग्न केलेलं नाही, पण मला नवरा आहे. त्याचं नाव दिगंबर. तो बोटीवर असतो.

हे समजावून सांगायला हवं. मी आणि मालती, म्हणजे एका मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी मालती, अकरा वर्षांपूर्वी एकत्र राहायचं ठरवून पुण्यात जागा शोधू लागलो. लग्न न झालेल्या दोन बायकांना जागा द्यायला कोणी तयार होईना. एकानं विचारलं, भेटायला कोण कोण येणार? दुसऱ्यानं विचारलं, कोणीच कसं येत नाही? शेवटी कंटाळून मी मालतीला एक भाऊ दिला आणि त्याच्याशी लग्न करून टाकलं. तुळशीबागेतून काळी पोत आणि दोन पितळी वाट्या आणल्या. दोन खोल्या त्याच दिवशी मिळाल्या. तेव्हापासून गल्लीत मी वहिनी आणि मालती माझी नणंद. आमचं इतकं पटतं की मालकीणबाई आपल्या सुनांना आमचं उदाहरण देतात. बिचाऱ्या सुना आम्हाला पाण्यात पाहतात.

मंडळात मात्र मी कुमारी नलिनी. गल्लीच्या कोपऱ्यावर पोत काढून पर्समध्ये टाकायची आणि बैठकीला जायचं. तिथं आम्ही दोघी नुसत्या मैत्रिणी, जागेच्या टंचाईमुळे एकत्र राहणाऱ्या. मला ही व्यवस्था छान जमली होती. मालतीला नव्हती.

"घरी मी तुझी नणंद," निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मंडळात तुझी मैत्रीण. जी आहे ती कुठं आहे?"

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं. विनोद पडला.

मग तिनं कोल्हापूरच्या शाळेचं पत्र दाखवलं. मुख्याध्यापिकेची जागा, सोमवारपर्यंत होकार कळवायचा. "गल्लीला सांग असं मी म्हणत नाही. पण मंडळातल्या या आपल्या बायका आहेत. तीन दिवस आहेत. एकदा तोंडानं सांग, नाहीतर मी जाते." मालती धमक्या देत नाही. गणित मांडते. ते गणित डोक्यात घेऊनच मी गाडीत बसले.

लोणावळा, शुक्रवार

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं आणि ज्याला त्याला बोलायचं होतं. आम्हा आठ जणींना बोलण्यासाठी प्रमिलाताईंनी आपल्या सासरचा बंगला दिला. प्रमिलाताई आमच्या अध्यक्षा, मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी. आवाज असा की माईकवाल्याला घरी पाठवावं. बंगला नागफणीच्या कड्याकडे तोंड करून उभा. संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता, थंडी मी म्हणत होती आणि दरीतून धुकं थेट व्हरांड्यात येऊन बसत होतं. राखणदाराच्या बायकोनं गरम कांदाभजी आणि चहा आणून दिला. स्त्रीच्या श्रमांवरचं पहिलं सत्र आम्ही तो चहा पीत पार पाडलं. कपही तिनंच उचलले.

दुसरं सत्र अंजूचं. अंजू आमच्यात सगळ्यात लहान, नुकती लेक्चरर झालेली, आणि परदेशातून आलेली स्त्रीमुक्तीची चक्रमुद्रित कागदपत्रं उशाशी घेऊन झोपणारी. ती उभी राहिली आणि म्हणाली, "हुंडा नको, मारझोड नको, हे आपण रोज म्हणतो. पण लग्न नको, हे का म्हणत नाही? बाईनं पुरुषाबरोबरच संसार केला पाहिजे हे ठरवलं कोणी? आपल्याला निवड दिलीच नव्हती. ताटात एकच भाजी वाढायची आणि विचारायचं, आवडली ना?"

मग प्रमिलाताई म्हणाल्या, "अंजू, हे चोचले आहेत. तिकडे ठीक आहे. आपल्याकडे अशा बायका नसतात."

मालतीनं माझ्याकडे पाहिलं. मी भज्याकडे.

"समजा असल्या," मालती म्हणाली. तिचा आवाज फळ्यावर लिहिताना असतो तसा होता, सरळ. "तुम्ही म्हणता मंगळसूत्र म्हणजे जोखड. कबूल. पण ते गळ्यात असलं की जागा मिळते, रेशनकार्ड मिळतं, दवाखान्यात कागदावर सही करता येते. जिच्या गळ्यात नाही, तिनं काय करायचं?"

"म्हणजे आम्ही सुखी?" एक जण तापली. तिच्या सासूचा विषय निघाला. मग दुसरीच्या सासूचा. कोणाचा जाच मोठा यावर अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. मी जन्मभर लोकांचे कॉल ऐकते, पण एका वेळी सात लाइनी लागलेल्या प्रथमच ऐकल्या. प्रमिलाताईंनी टाळी वाजवून तोडगा काढला. "कृती करू. तीन दिवस सगळ्यांनी ही चिन्हं काढून ठेवायची. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कुंकू, सगळं. म्हणजे कोणात फरकच राहणार नाही."

टाळ्या पडल्या. मला राहून राहून वाटत होतं, आता बोलावं. तोंड उघडलं आणि विचारलं, "भजी उरलीत का?" मालती उठून बागेत गेली.

पाच मंगळसूत्रं चिवड्याच्या रिकाम्या डब्यात गेली. डबा प्रमिलाताईंनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि मग डॉक्टरांना ट्रंक कॉल लावून विचारलं, असं केलेलं चालेल ना?

टाकवे बुद्रुक, शनिवार

सकाळी टाकव्याला निघालो. तिथल्या स्त्रियांची पाहणी करायची होती. अंजूनं तीन पानी प्रश्नावली तयार केली होती. कान्ह्याला पॅसेंजरमधून उतरलो आणि इंद्रायणी ओलांडून चालत गेलो. भात कापून झालेल्या खाचरांत हरभरा आणि वाल उभा, मळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या, लांब डोंगराच्या अंगाला ठाकरवाडीचा धूर. हवा इतकी स्वच्छ की पुण्याच्या आम्ही दोन-तीन वेळा खोकलोच.

इथं माझ्या हातून चूक झाली. खरं सांगते, ठरवून नाही. अनोळखी गावात शिरायचं म्हटलं की माझा हात आपोआप पर्समध्ये जातो. अकरा वर्षांची सवय. एसटीत, स्टेशनावर, परक्या गावात पोत घातली की लोक दोन प्रश्न कमी विचारतात. वेशीपाशी सगळ्या चपलेतले खडे काढत होत्या, तेवढ्यात मी पोत घातली, टिकली लावली आणि वर पदर ओढला. बाकीच्या जणी खडे काढून पुढे निघाल्या. फक्त मालतीनं पाहिलं. ती पाठ फिरवून पुढे चालू लागली.

उतरायची सोय पाटलांकडे होती. घरच्या कर्त्या आक्का, पन्नाशीच्या, दणकट, नाकात नथीचं भोक मोठं झालेलं. त्या दिवशी त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पडवीत वीस-पंचवीस बायका जमलेल्या, सुगडांत ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे भरलेले. आक्का कुंकवाची कोयरी घेऊन हसत पुढे आल्या, आणि आमची रांग बघून जागच्या जागी थांबल्या.

सात मोकळे गळे. सात पांढरी कपाळं. आठवी मी.

आक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आगं आगं आगं. येवढ्या तरण्या पोरी. काय, यष्टी-बिष्टी पडली व्हती का दरीत?"

आम्हाला कळेचना. मग एक म्हातारी पुटपुटली, "एकदमच समद्यांचं नवरं ग्येलं जनू," तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आक्कांनी मोठ्या मायेनं सातही जणींना एका बाजूला, भिंतीकडे बसवलं. "बसा बायांनो. च्या घ्या, तिळगूळ घ्या." कुंकू मात्र कोणालाच लावलं नाही. विधवेला लावत नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी मला पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत नारळ, खण, तांदूळ घातले आणि सुगड हातात दिलं. "तू येकली वाचलीस गं," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. पाठीवर सात जणींच्या नजरा भाजत होत्या.

पहिला धीर सुटला प्रमिलाताईंचा. "अहो आक्का, माझे मिस्टर जिवंत आहेत!"

"आमचेपण!" चौघी ओरडल्या.

"आन मग मंगळसूत्र कुटं हाय?"

"डब्यात."

"डब्यात कशापायी?"

अध्यक्षांनी पदर सारखा केला. 'चिन्हव्यवस्था' हा शब्द आक्कांच्या पडवीत कुठं ठेवणार? "ते आम्ही निषेध म्हणून..." त्या म्हणाल्या. "लावा ना पण कुंकू. असं वगळू नका हो. बरं नाही वाटत." त्यांनी चक्क कपाळ पुढे केलं.

दाराबाहेर, पायरीवर, एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. भागूमावशी, डोंगरावरच्या वाडीतून आक्कांच्या शेतात कामाला येणारी, अंगानं काटकुळी. ती मान वर न करता म्हणाली, "मला बी न्हाई लावत. माझा दाल्ला मेल्याला तेवीस वरसं झाली. मी कुटं वराडते?"

प्रमिलाताई खाली बसल्या. अंजू प्रश्नावली घेऊन पायरीपाशी सरकली. "मावशी, तुम्हाला याचा राग नाही येत?"

"येतो की. पन शेंगा बी सोलायच्यात." मावशीनं सूप पुढे केलं. "तू सोल थोड्या."

अंजू सोलू लागली. मालती उठली आणि तीही पायरीवर मावशीशेजारी जाऊन बसली. मला तिचा फक्त खांदा दिसत होता. पाहणी तिथंच संपली. प्रश्नावलीची तीन पानं शेवटी सालं गोळा करायला उपयोगी पडली.

एवढ्यावर भागलं असतं. पण आक्का म्हणाल्या, "चल बाई, आता नाव घे मालकाचं. घेतल्याबिगर उटू न्हाई देनार."

नाव घेण्यात मी पटाईत आहे. मालकीणबाईंच्या हळदीकुंकवाला दरवर्षी नवा उखाणा करते. दिगंबररावांना मी आजवर चांदीच्या ताटात, केशरी भातात आणि हिंदी महासागरात घातलेलं आहे. बायका सरसावून बसल्या. मी घसा साफ केला. दिगंबरराव जिभेच्या टोकावर तयार होते. आणि पायरीवरचा तो खांदा. ती वळून पाहतसुद्धा नव्हती. मी काय म्हणणार ते तिला पाठ होतं. एकदम मला त्या कधी नसलेल्या माणसाची मनापासून शिसारी आली.

मी म्हटलं,

"इंद्रायणीच्या काठाला आंबेमोहोराची शेती,
अकरा वर्षं संसार केला, तिचं नाव मालती."

मग पडवी हसण्यानं दणाणली. "आगं बया, बाईचं नाव घ्येतलं!" "लय ग्वाड!" एक सून तर हसता हसता सुगडावर कलंडली. आक्कांनी डोळे पुसत माझ्या ओटीत आणखी मूठभर तांदूळ घातले. "मालतीबाई कोन गं? सवत का काय?" पुन्हा हशा.

गावच्या बायका हसल्या. आमच्या सहा जणी हसल्या नाहीत. त्यांना बरोबर कळलं होतं. प्रमिलाताई माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मीच त्यांचा डबा फोडला. अंजूच्या हातातली शेंग तशीच राहिली. पुस्तकात वाचलेली गोष्ट प्रत्यक्ष समोर नारळ घेऊन बसेल याची तिनं तयारी केली नव्हती.

पावट्याची आमटी, नाचणीची भाकरी आणि आंबेमोहोराचा भात असं फर्मास जेवण झालं. भाताच्या वासानं घर भरलं होतं. सगळ्यांच्या नजरा चुकवत मी दोनदा भात घेतला.

परतीच्या वाटेवर मालती माझ्याबरोबर चालू लागली. मला वाटलं, आता हात धरेल.

"उखाण्यात घेतलंस," ती म्हणाली.

"घेतलं ना?"

"सगळ्या हसतील अशाच जागी घेतलंस. उद्या कोणी विचारलं तर गंमत म्हणून सांगता येईल." थोडी पावलं गेली. "मला आनंद झाला. नाही असं नाही. पण मी कोल्हापूरचं पत्र अजून फाडलेलं नाही."

मला रागही आला आणि रडूही. तिचं गणित नेहमी बरोबर येतं, हा तिचा मोठा दुर्गुण आहे.

लोणावळा, रविवार

सकाळी सगळ्या जणी माझ्याशी अतिशय प्रेमानं वागत होत्या, म्हणजे कोणीच बोलत नव्हतं. समारोपाचं सत्र नऊला होतं. उन्हात सतरंजी घातलेली, समोर नागफणी लख्ख. डबा आधीच उघडला गेला होता. पाचही गळे भरलेले, कपाळांवर कुंकू. निषेध ठरल्यापेक्षा एक दिवस लवकर यशस्वी झाला होता. आज माझा गळा मोकळा होता. पोत पर्समध्ये होती.

मंडळाचं इतिवृत्त लिहिण्याचं काम मालतीकडे. अक्षर चांगलं म्हणून. ती वही मांडीवर घेऊन बसली.

प्रमिलाताईंनी घसा खाकरला. "नलिनीताई, काल तुम्ही फसवणूक केलीत. आम्ही सगळ्यांनी त्याग म्हणून काढून ठेवलं, आणि तुम्ही लग्न झालेलं नसताना घालून बसलात. मानही घेतलात. हे समतेच्या विरुद्ध आहे."

"खरं आहे," मी म्हटलं. "अकरा वर्षं घेते आहे. त्या पोतीवर आम्हाला घर मिळालं. तुम्ही काढून ठेवू शकलात, कारण परत घालायला तुमच्याकडे होतं. नुसतं कुंकू चुकलं तर तुम्हाला पाऊण तास सोसवलं नाही."

एक जण म्हणाली, "म्हणून काय आमचं दुःख खोटं?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचंही खरं. पण भागूमावशीचं आपण दोघींनी मिळूनसुद्धा नाही मोजलं." त्या बाईला सासूचा जाच खरोखर होता, हे मला माहीत होतं. तिच्या दंडावरचे डागही मी पाहिले होते. तिनं मान खाली घातली आणि मला वाईट वाटलं.

अंजू काहीतरी म्हणू लागली, तिच्या कागदांतलं लांबलचक. मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, "मी परवा एवढं बोलले, पण काल माझी मला लाज वाटली. मी तुमच्याकडे बघूच शकले नाही."

प्रमिलाताईंनी हात वर केला. त्या वाईट बाई नाहीत. त्यांना मंडळ मोडायचं नव्हतं आणि मला घालवायचंही नव्हतं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "नलिनीताई, तो उखाणा. खेड्यातल्या बायकांना हसवायला तुम्ही गंमत केलीत. हो ना? एवढं सांगा. आपण विषय संपवू."

दार उघडं करून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मी अकरा वर्षं अशाच दारातून ये-जा केली आहे. मालती मान खाली घालून वहीत तारीख लिहीत होती, आणि एक तारीख लिहायला तिला फार वेळ लागत होता.

"गंमत नव्हती," मी म्हटलं. पहिल्यांदा ते सतरंजीच्या टोकापर्यंत पोचलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "गंमत नव्हती. मालती माझी कोणी मैत्रीण नाही की नणंद नाही. आम्ही संसार करतो. माझं तिच्यावर प्रेम आहे."

खाली खंडाळ्याकडे गाडीनं शिट्टी दिली. शेवटी प्रमिलाताई म्हणाल्या, "मालतीबाई, हे इतिवृत्तात नको."

मालती लिहीतच होती. लिहून झाल्यावर तिनं नियमाप्रमाणे उभं राहून, वर्गात प्रमेय वाचतात तसं, खणखणीत वाचून दाखवलं: "नलिनीताईंनी सांगितले की त्या व मालतीबाई गेली अकरा वर्षे संसार करतात. मालतीबाईंनी त्यास दुजोरा दिला. हा संसार पुण्यातच पुढे चालू राहील."

वही सह्यांसाठी फिरली. मी सही केली. अंजूनं केली. जिच्या दंडावर डाग होते तिनं केली. बाकी तिघींनी वही नुसती पुढे सरकवली. प्रमिलाताईंनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं, खाली बारीक अक्षरात लिहिलं, "वाचले. पटले नाही," आणि अध्यक्षा म्हणून पूर्ण सही केली.